अंकुश भोईरची बेचाळिसावी पिशवी

शिरवण्यात अंकुश भोईर नावाची माणसं तीन. एक भाजीचा टेम्पो चालवतो, एक देवळाच्या कट्ट्यावर बसून जगाने कसं वागावं ते सांगतो, आणि तिसरा प्लेटलेटवाला. गोष्ट या तिसऱ्याची आहे. ती त्याच्या कौतुकाची नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

हे नाव त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्याची आई केशरबाई डेंगीने आडवी झाली. रक्तातल्या ज्या बारीक पेशी जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन बूच मारतात, त्या प्लेटलेट म्हातारीच्या अंगात उरल्याच नव्हत्या. सुई टोचली तिथून रक्त थांबेना. भोईरांच्या घरात धावपळ करणारे वीस जण, पण गट जुळणारा एकही नाही. तेव्हा नेरूळहून अरविंद नावाचे कुणी कचेरीतले गृहस्थ आले, सव्वा तास खुर्चीत पडून राहिले आणि पिशवी देऊन गेले. अंकुश शहाळं घेऊन परत येईपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. तो माणूस त्याला पुन्हा कधी भेटला नाही. केशरबाई मात्र आजही रोज सकाळी उठून सुनेच्या आमटीला नावं ठेवते, म्हणजे पिशवी चांगलीच लागू पडली.

तेव्हापासून अंकुश देत आला. रक्त देण्यापेक्षा हे काम जरा चिकाटीचं. दंडातून रक्त निघतं, मशीनमध्ये फिरतं, प्लेटलेट तेवढ्या पिशवीत राहतात आणि बाकीचं रक्त परत अंगात येतं. त्याचा गट बी पॉझिटिव्ह. इस्पितळातून फोन आला की हा गडी हजर. एकेचाळीस वेळा झाल्या होत्या. रक्तपेढीच्या भिंतीवर त्याचा फोटो होता आणि तिथली टेक्निशियन ऋता त्याला "आमचे ब्रँड अँबॅसिडर" म्हणायची. अंकुश वरवर लाजायचा. पण फोटो थोडा तिरका झाला की जाता जाता सरळ करून जायचा.

पोटापाण्याला तो जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात रीच स्टॅकर चालवायचा. रीच स्टॅकर म्हणजे चाळीस फुटी कंटेनर उचलून एकावर एक रचणारं सत्तर टनी धूड. कंटेनर समोर आला की चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून खाली एक माणूस उभा राहून हाताने खुणा करतो. आठ वर्षं हा माणूस ज्ञानू खंदारे होता. मूळचा हिंगोलीकडचा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. ज्ञानूने मूठ मिटली की अंकुशचा पाय ब्रेकवर जाणार, यात मध्ये विचाराला जागाच नव्हती. ज्ञानू त्या धुडासमोर पाठ करूनसुद्धा उभा राहायचा.

अंकुश दारुडा नव्हता. वर्षातून चार-पाच वेळा घ्यायचा, आणि तीही हळदीला. आगरी माणसाची हळद ज्याने पाहिली नाही त्याला काय सांगणार. लग्न आपलं उरकून घ्यायचं असतं, खरा सोहळा हळदीचा. आणि हळदीत घरच्या माणसाने ग्लास परत फिरवला तर तो नवऱ्यामुलाच्या बापाचा अपमान, ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही म्हणूनच ती इतकी कडक आहे.

तुळशीचं लग्न लागल्यावर पहिल्याच रविवारी चुलतभाऊ बंडूच्या पोराची, ऋषीची हळद निघाली. दुपारी एकला मटणाच्या जेवणाबरोबर पहिला ग्लास आला. अंकुशने दुसऱ्यानंतर हात आडवा धरला.

"उद्या ड्युटी हाय रं," तो म्हणाला.

"पुतन्याची हलद हाय, आन काका पानी पितो?" बंडूने मांडवभर ऐकू जाईल असं विचारलं. "लोका काय बोलतील मना?"

लोक काय बोलतील हे ऐकायला अंकुश थांबला नाही, त्याने ग्लास पुढे केला. संध्याकाळी सातपर्यंत त्याने किती घेतली याचा पत्ता ना त्याला होता ना बंडूला. आठला शर्मिलाने, त्याच्या बायकोने, त्याला दंडाला धरून घरी नेऊन निजवलं.

पहाटे पाचला उठला तेव्हा डोक्यात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. शर्मिलाने डब्यातल्या दोन गोळ्या पाण्यात टाकल्या, त्या फसफसून विरघळल्या आणि अंकुशने डोळे मिटूनच ग्लास रिकामा केला. हा ग्लास लक्षात ठेवा. अंकुशच्या तो राहिला नाही.

यार्डाच्या गेटवर रोज फुंकावं लागतं. कामगार त्या यंत्राला फुंकणीच म्हणतात. फुंकणीवर शून्य आलं तर आत, नाहीतर दिवस बुडाला. अंकुशने जरा धाकधुकीनेच फुंकलं. शून्य आलं आणि हिरवा दिवा लागला. त्याच्या जिवात जीव आला. यार्डातल्या सगळ्यांचा एक हिशेब पक्का होता, की फुंकणी शून्य म्हणजे माणूस कोरा. अकरा वर्षं फॉर्म भरणाऱ्या अंकुशचाही तोच हिशेब होता, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

कारण माणूस कोरा नव्हता. सकाळपासून काहीतरी मागेपुढे होत होतं. पहिलाच कंटेनर त्याने चौथ्या रांगेऐवजी पाचवीत ठेवला. वॉकीटॉकीवर सुपरवायझर काय बोलला ते दोनदा विचारावं लागलं. ज्ञानू शुक्रवारपासून रजेवर होता, त्याच्या मुलीला ताप होता. त्याच्या जागी कुंदन नावाचा जौनपूरचा पोरगेला माणूस खुणा करत होता.

सव्वाआठला अंकुश भरलेला कंटेनर घेऊन वळत होता. कुंदनने मूठ मिटलेली त्याला दिसली. अगदी स्वच्छ दिसली. पण दिसली आणि पाय हलला यांच्यामध्ये एक रिकामी जागा होती. एवढीशीच, पापणी लवावी तेवढी. त्या जागेत अंकुश नुसता त्या मुठीकडे बघत राहिला. मग पाय ब्रेकवर आदळला, सगळं धूड हिसका खाऊन थांबलं, आणि कंटेनरचा कोपरा कुंदनच्या छातीपासून फूटभरावर डुलत राहिला.

अंकुश शिडीवरून कसा उतरला त्याला कळलं नाही. कुंदन जमिनीवर बसला होता. त्याला हाताला धरून उठवताना अंकुशची नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. नाव, फोटो, आणि लाल अक्षरांत रक्तगट, बी पॉझिटिव्ह. अपघात झाला तर शोधाशोध नको म्हणून यार्डात सगळ्यांच्या कार्डावर गट छापलेला असतो. अंकुशची नजर त्या लाल अक्षरांवरून हलेना.

"आज मारोगे क्या उस्ताद?" कुंदन म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

अंकुशने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ज्ञानूचा होता.

"दादा, जाईला लई रक्त यायलंय," ज्ञानू म्हणाला. "नाकातून, हिरड्यातून. डेंगी हाय म्हणायलेत. आठ हजारावर आल्यात प्लेटलेटा. बी पॉझिटिव्ह पायजे."

जाई म्हणजे ज्ञानूची नऊ वर्षांची लेक. यार्डाच्या सत्यनारायणाला ती कधी आली की अंकुशच्या मशीनच्या केबिनमध्ये बसायचा हट्ट धरायची. "मी निघालोच," अंकुश म्हणाला. सुपरवायझरला सांगून त्याने मोटारसायकल काढली. खरं बोलायचं तर त्या धुडावर परत चढायचं नाही याचं त्याला आधी बरं वाटलं, आणि पोरीची काळजी त्याच्या मागून आली. ही गोष्ट त्याने पुढे फक्त शर्मिलाला सांगितली.

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या रक्तपेढीत ज्ञानू दाराशीच उभा होता. तीन दिवसांची दाढी, पायात दोन वेगळ्या चपला. अंकुशला बघताच त्याच्या चेहऱ्यावर जो दिलासा आला तो बघवत नव्हता. "तुमी आलाव, आता टेन्शन नाय," तो म्हणाला.

ऋताने फॉर्म पुढे केला आणि पाठ असल्यासारखे प्रश्न विचारायला घेतले. "ताप, सर्दी? नाही. टॅटू? नाही. गेल्या चोवीस तासांत ड्रिंक्स?"

अंकुशने वर पाहिलं. समोर भिंतीवर त्याचा फोटो होता, दारात ज्ञानू होता. कालचा शेवटचा ग्लास सातचा, आज साडेनऊ. चोवीस तास झाले नव्हते हे पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. पण सकाळी शून्य आलं होतं की. मशीन का खोटं बोलेल? आणि नाही म्हटलं तर ज्ञानूच्या तोंडाकडे कसं बघायचं?

"नाय," अंकुश म्हणाला.

"तीन दिवसांत डोकेदुखीची गोळी, ॲस्पिरिन वगैरे?"

"नाय." हे त्याने अगदी खऱ्या मनाने सांगितलं. पहाटेचा ग्लास त्याच्या डोक्यातून पुसूनच गेला होता.

फॉर्मवर तारीख त्याने गेल्या महिन्यातली घातली. ऋताने हसून खोडली. "झोप झाली नाही वाटतं दादा," ती म्हणाली. दुसरं कुणी असतं तर तिने कदाचित आणखी चार प्रश्न विचारले असते. पण एकेचाळीस वेळा खरं बोललेल्या माणसाला कोण खोदून विचारतं? त्याची पुण्याई पोरीच्या आड आली.

रक्ताच्या तपासण्यांना बारा वाजले. मग तो खुर्चीत पडला. मशीन इशारा देईल तेव्हा हातातला रबरी चेंडू दाबायचा असतो. एरवी अंकुश हे गाणी ऐकत करायचा. आज मशीन तीनदा कोकललं आणि तिन्ही वेळा ऋताने येऊन सांगितलं, "दादा, चेंडू." त्याला दर वेळी कुंदनची मूठ दिसत होती. दिसणं आणि हात हलणं यांच्यात अजूनही तीच रिकामी जागा होती. हे काय होतंय आपल्याला, असं वाटून त्याला भीती वाटायला लागली, पण नेमकी कशाची ते कळेना.

दीड वाजता पिशवी भरली. पिवळसर, कढीसारखी. ज्ञानूने सही करून ती दोन्ही हातांत घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने चौथ्या मजल्यावर निघाला.

अंकुशला कोपऱ्यातल्या बाकावर बसवून बिस्किटं आणि सरबत दिलं गेलं. त्याने एक घोट घेतला आणि शर्मिलाचा फोन आला.

"डोका दुखाचा ऱ्हायला का?" तिने विचारलं. "त्या दोन गोल्या घेतल्यास, वरशी काय खाल्लास का नाय? पोटान जललं नाय ना?"

"कुठल्या गोल्या?"

"आता ह्यो बोलतो कुठल्या गोल्या. पाटं पाचाला पान्यान घालून नाय दिल्या मी?"

फसफसणारा ग्लास, ओट्यावरचा पिवळा दिवा, जिभेवरची आंबट चव, सगळं एकदम परत आलं. "पाकिटावर काय लिवलंय ते वाच," तो कसाबसा म्हणाला. डबा उघडल्याचा आवाज आला. शर्मिला सातवी शिकलेली, एकेक अक्षर लावत वाचायला लागली. "अ‍ॅस... पि..." पुढचं त्याला ऐकायची गरज नव्हती.

ही गोळी प्लेटलेटचा चिकटपणा मारते. म्हणूनच तर ती हृदयाच्या रोग्यांना देतात, आणि म्हणूनच फॉर्मवर तो प्रश्न आहे. ऋतानेच त्याला वर्षांपूर्वी समजावलं होतं. गोळी घेतलेल्या माणसाच्या प्लेटलेट मोजायला भरपूर असतात, दिसायला छान असतात, फक्त बूच मारायला जात नाहीत. दारूनेही त्या काही काळ सुस्तावतात. अंकुशने दोन्ही घेतलं होतं. म्हणजे ज्ञानू जी पिशवी छातीशी धरून घेऊन गेला होता तिच्यातल्या पेशी, त्या पोरीच्या नाकाशी जाऊन, अंकुश सकाळी कुंदनच्या मुठीकडे बघत बसला तशाच बघत बसणार होत्या.

तो उठला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ऋता आत कुणाचं तरी रक्त काढत होती. तिला सांगायचं, ती फोन करणार, वरचा फोन कुणी उचलेपर्यंत थेंब सुरू झालेले असणार. दारात उभं राहूनच तो ओरडला, "ऋताताई, माझी पिशवी लावू नका, मी ॲस्पिरिन घेतलीय," आणि जिन्याकडे धावला.

चार मजले. पहिल्या मजल्यावर दम लागला. दुसऱ्यावर पाय थरथरायला लागले, कठड्याला धरून वर ओढावं लागलं. मधल्या पायरीवर त्याच्या मनात एक गोष्ट आली, ती मी लपवणार नाही. इथूनच खाली उतरावं, असं त्याला वाटलं. कुणाला काय कळणार होतं? डेंगीत पोरं दगावतात. पिशवी लागू पडली नाही असंही होतं, डॉक्टरच सांगतात. फोटो भिंतीवर राहिला असता आणि ज्ञानूने त्याचे जन्मभर उपकार मानले असते. पोरीच्या भीतीहून त्याला त्या क्षणी स्वतःची भीती जास्त वाटली. मग तो उरलेले दोन मजले चढला.

पोरांच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेवर जाई होती. नाकात कापूस, तो लाल. उशीच्या अभ्र्यावर डाग. पिशवी दांडीला लटकलेली, नळी भरलेली, आणि नर्स त्या नळीचं टोक पोरीच्या हाताकडे नेत होती. शेजारी एक तरुण डॉक्टर कानाला फोन लावून उभा होता. ऋताचाच फोन असावा, कारण त्याने नर्सला हाताने थांबवलं.

"थांबवा," अंकुश तरीही म्हणाला. "मी काल दारू प्यायलो होतो. सात वाजेपर्यंत. पहाटे ॲस्पिरिन घेतली. दोन."

वॉर्डात पाच-सहा आया होत्या, सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर रागावला नाही, ते जास्त वाईट होतं. त्याने शांतपणे नळीची कळ बंद केली. "दुसरा डोनर बघा, ताबडतोब," तो ज्ञानूला म्हणाला. "बाकीच्या रक्तपेढ्यांतही विचारतो मी, पण डेंगीचा सीझन आहे, सगळीकडे ओढाताण आहे. ही पिशवी बाजूला ठेवतो. काहीच मिळालं नाही आणि रक्त वाढलं तर हीच द्यावी लागेल. नसल्यापेक्षा बरी, एवढंच. भरवसा नाही."

ज्ञानू अंकुशकडे बघत होता. "दादा," तो म्हणाला, "मी दारातच हुतो की. तवाच का नाय सांगितलाव?"

ज्ञानूने उत्तराची वाट बघितली नाही. तो खाली वाकून लेकीच्या ओठाचं रक्त ओल्या फडक्याने टिपायला लागला. जाईने डोळे किलकिले करून अंकुशला ओळखलं. "मशीनवाले काका," ती म्हणाली, आणि दातांमधून लाल दिसलं.

अंकुश बाहेर आला आणि फोन उघडला. त्याच्याकडे यादी होती. वर्षानुवर्षं जमवलेली, बी पॉझिटिव्हची चौदा नावं, फोन केला की धावत येणारी. त्याने पहिलं नाव काढलं. शिरवण्याचा. काल त्याच्याच पंगतीला होता. दुसरं, तोही. तिसरा तर ग्लास भरत होता. अंकुश बोट खाली ओढत गेला. चौदाच्या चौदा शिरवण्याचे, चौदाच्या चौदा ऋषीच्या हळदीला. आख्खं गाव एका दिवसात कुचकामी झालं होतं. तरी त्याने सगळ्यांना फोन केले. सगळ्यांनी खरं सांगितलं, कारण त्यांच्यापुढे फोटो नव्हता की दारात ज्ञानू नव्हता.

मग त्याला लाल अक्षरं आठवली. गळ्यातल्या दोरीला लटकणारं कार्ड.

कुंदनला फोन लावायला त्याला धीर होईना. ज्याला सकाळी चिरडत होतो, त्याच्याकडेच दुपारी मागायचं? कोणत्या तोंडाने? पण तोंडाचा प्रश्न आता उरला कुठे होता. त्याने फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं, हळद, गोळ्या, सकाळची ती रिकामी जागासुद्धा.

"तो इसलिए नहीं रुके थे सुबह," कुंदन म्हणाला. मग म्हणाला, "मैं तो पीता नहीं उस्ताद. आता हूँ."

तीनला तो आला. त्याच्या तपासण्यांना दीड तास गेला. त्या दीड तासात अंकुश जिन्याच्या पायरीवर बसून होता. वर जायची त्याला लाज वाटत होती आणि घरी जायची भीती. दर पंधरा मिनिटांनी वॉर्डबॉयला विचारायचा, रक्त थांबलं का? "नाय," एवढंच उत्तर. एकदा वरून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला आणि अंकुशने धावत जाऊन वॉर्डबॉयला गाठलं. ते रडणं दुसऱ्या खाटेवरच्या पोराचं होतं, सलाईन बदलताना.

साडेचारला कुंदन खुर्चीत पडला. काचेपलीकडून अंकुश बघत होता. कुंदन पहिल्यांदाच देत होता, सुईकडे न बघता छताकडे बघत चेंडू दाबत होता, अगदी वेळेवर, मशीन एकदाही कोकललं नाही. त्याच्या छातीवर ते कार्ड पडलं होतं. अंकुश त्या कार्डाकडे बघत राहिला. सकाळी त्याचा पाय आणखी पापणीभर उशिरा हलला असता तर ही छाती राहिली नसती, आणि आता वर ती पोरही राहिली नसती. एकाच फूटभरात दोन जीव होते, आणि ते फूटभर अंकुशने राखलं नव्हतं, ते नुसतं उरलं होतं. हे त्याला कळलं आणि त्याचे दात वाजायला लागले. ऋताने बाहेर येऊन त्याला पांघरूण दिलं.

सहाला पिशवी वर गेली. या खेपेला ज्ञानूने लिफ्ट घेतली. साडेसातला खाली निरोप आला, नाकाचं रक्त थांबलंय. दुसऱ्या दिवशी आकडा तेवीस हजार झाला, तिसऱ्या दिवशी चाळीस. आठव्या दिवशी जाई घरी गेली. अंकुशची बेचाळिसावी पिशवी कचऱ्यात गेली आणि नोंदवहीत तसं लिहिलं गेलं. भिंतीवरचा फोटो ऋताने काढला नाही. पण पुढच्या वेळी तो तिरका दिसला तेव्हा अंकुशने सरळ केला नाही.

तो अजूनही देतो. बंडूने पुढच्या हळदीला पुन्हा मांडवभर विचारलं, काका पानी पितो? अंकुश म्हणाला, हो. बंडू चार महिने बोलला नाही.

ज्ञानू दोन आठवड्यांनी कामावर आला. अंकुशला वाटत होतं तो दुसऱ्या मशीनवर बदली मागून घेईल. त्याने मागितली नाही. त्या सकाळी गेटवर दोघांनी फुंकलं, दोघांचंही शून्य आलं. अंकुश केबिनमध्ये चढला, चावी लावली, आणि बघतो तर ज्ञानू आपल्या जागेवर उभा नाही. तो शिडी चढून वर आला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, काल काय घेतलाव का?" त्याने विचारलं. "गोळी, काही?"

"नाय."

ज्ञानूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पडताळून बघावं तसं. मग खाली उतरून समोर जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून रोज असंच चालतं. ज्ञानू शिडी चढतो, विचारतो, अंकुश सांगतो. आणि उत्तर दिल्यावर ज्ञानू जेवढा वेळ त्याच्या तोंडाकडे बघतो तेवढा वेळ अंकुश आदला दिवस पुन्हा आठवून बघतो, काही घेतलेलं नसलं तरी. मग ज्ञानू उतरतो. तो आता धुडासमोर पाठ करून उभा राहत नाही. तोंड अंकुशकडे ठेवतो आणि हात वर करतो.